डाव्या सीटवर कोणी बसू नये

गाडीच्या कंपनीने ते पत्र किती जणांना पाठवलं होतं कोण जाणे. पण ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस सबंध शहरात एकच निघाला. तो माणूस दावेसाहेब निघावेत, यात नवल काहीच नव्हतं. छापील मजकूर शेवटपर्यंत वाचणं हाच त्यांचा धंदा होता. एका विमा कंपनीत ते दाव्यांच्या विभागाचे अधिकारी होते. हा विभाग लोकांचे दावे मंजूर करण्यासाठी असतो, असा बाहेर एक गोड गैरसमज आहे. विभागाचं खरं काम म्हणजे पॉलिसीच्या मागच्या पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, दावा का मंजूर होऊ शकत नाही ते शोधून काढणं. त्यात दावेसाहेबांचा हात धरणारा कोणी नव्हता. एका छापखान्याच्या मालकाचा आगीचा दावा त्यांनी ‘कागद ज्वलनशील असतो याची मालकास पूर्वकल्पना होती’ या कारणावर फेटाळला होता, आणि ते कारण नव्या भरतीच्या प्रशिक्षणात अजून शिकवलं जायचं. फेटाळताना ते म्हणत, “काय करणार, कागदावर आहे तेच धरावं लागतं.” हे वाक्य ते इतक्या हळहळीने म्हणत की दावा बुडालेला माणूस उलट त्यांचीच समजूत घालून जात असे.

तर पत्र असं होतं: आपल्या वाहनातील पुढील डाव्या बाजूच्या एअरबॅगमध्ये बसवलेला एक घटक सदोष असण्याची शक्यता नाकारता येत नाही. अपघातप्रसंगी सदर घटक फुटून आसनस्थ व्यक्तीस गंभीर इजा होऊ शकते. घटक उपलब्ध होताच तो विनामूल्य बदलून देण्यात येईल. तोपर्यंत पुढील डाव्या आसनावर कोणीही बसू नये. आपली सुरक्षितता हेच आमचे समाधान.

‘शक्यता नाकारता येत नाही’ हे वाचून दावेसाहेबांना बरं वाटलं. लिहिणारा माणूस जाणकार होता.

गाडीत उजवीकडे बसून दावेसाहेब चालवायचे आणि पुढच्या डाव्या सीटवर बाई बसायच्या. बाई म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या शाळेत शिकवत असल्यामुळे सगळं जग त्यांना बाई म्हणायचं, आणि भांडण झालं की दावेसाहेबही.

“म्हणजे मी पुढे बसायचं नाही,” बाई म्हणाल्या.

“कोणीच बसायचं नाही.”

“कोणीच म्हणजे मीच ना? दुसरं कोण बसतं तिथे?”

“पत्रात कुणाचं नाव नाही.”

“आणि तुमच्या बाजूचं काय?”

“माझ्या बाजूबद्दल काही लिहिलेलं नाही. म्हणजे ती चांगली आहे.”

लिहिलेलं नाही म्हणजे तसं नाही, हे दावेसाहेबांच्या आयुष्याचं सूत्र होतं. त्यावर त्यांनी घर, संसार आणि नोकरी उभी केली होती.

आता, एका माणसाने पुढच्या सीटवरून उठून मागच्या सीटवर बसायचं, यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्याचं लग्न नवं असावं. लग्न जुनं झालं की नवरा-बायकोला समोरासमोर बसून बोलणं जड जातं. समोर तोंड दिसतं, आणि तोंड दिसलं की मागचं सगळं आठवतं. त्यापेक्षा दोघांनी एकाच दिशेला बघत बोलणं सोपं. घरी टीव्ही बोलायचा, तो थांबला की फोन बोलायचा. दावेसाहेब आणि बाई बोलायचे ते संध्याकाळी गाडीतून नदीच्या पुलापर्यंत फेरी मारताना. बाई मुख्याध्यापिकेचा नवा जुलूम सांगायच्या, दावेसाहेब मोठ्या साहेबांचा. पूल येईपर्यंत दोघांचंही पोट हलकं व्हायचं. गाडी घेतली होती ती कशासाठी, असं कुणी विचारलं तर दावेसाहेब मायलेज सांगत. खरं कारण हे होतं.

पहिल्या संध्याकाळी बाई मागे बसल्या आणि मुख्याध्यापिकेची गोष्ट सुरू केली. दावेसाहेबांना निम्मीच ऐकू आली. उरलेल्या निम्म्यासाठी त्यांनी मान वळवली तेव्हा समोरून टेम्पो आला. “तुम्ही पुढे बघा,” बाई म्हणाल्या, आणि पुलापर्यंत दोघांनी पुढे बघितलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी पाय वर घेतले. आठवडा गेला तसं बाजूला पर्स, पर्सच्या बाजूला तपासायच्या वह्या आणि कानाला फोन लागला. मुख्याध्यापिकेची गोष्ट त्या आता बहिणीला सांगू लागल्या. दावेसाहेब पुढे बसून ती ऐकत, पण ती त्यांना सांगितलेली नसल्यामुळे त्यांना मध्ये ‘हं’ म्हणता येत नसे.

त्यानंतर लोकांनी जे समजायचं ते समजायला सुरुवात केली. पुढे एकटा चष्मेवाला पुरुष आणि मागे काच खाली करून बसलेली बाई, याचा दुसरा अर्थ काय लावणार. शाळेच्या वार्षिक कार्यक्रमाला दावेसाहेब बाईंना सोडायला गेले, तर फाटकावरच्या शिपायाने त्यांना हाताने झाडाखालची जागा दाखवली. “ड्रायव्हर लोकांचा चहा तिकडे.” दावेसाहेबांनी त्याच्याकडे तुच्छतेने बघितलं. पण चहाची वेळ होती आणि चहा खरोखर तिकडेच होता. तिथे इतर ड्रायव्हरांनी त्यांना सरकून जागा दिली, मॅडम कशा आहेत, रविवारी सुट्टी देतात का, असं आपुलकीने विचारलं. एवढ्यात मुख्याध्यापिका बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “बाई, तुमच्या ड्रायव्हरला सांगता का जरा, माझ्या बहिणीला स्टँडवर सोडायला?”

बाई म्हणाल्या, “सांगते.”

स्टँडवर बहिणीला सोडून आल्यावर दावेसाहेबांनी विचारलं, “तू सांगितलं का नाहीस मी कोण ते?”

“अहो, घाईत होत्या त्या. आणि सांगायला गेले असते तर तुम्ही पुढे एकटे का बसता तेही सांगावं लागलं असतं. एवढं सगळं तिथे उभ्या उभ्या कोण ऐकणार?”

हा मुद्दा बिनतोड होता, म्हणून तो जास्त लागला.

सोसायटीत सल्ल्यांना तोटा नव्हता. वरच्या मजल्यावर पंपवाले काका राहत. पाण्याच्या खात्यात त्यांनी हयात पंपांमध्ये घालवली होती, त्यामुळे फिरणाऱ्या कुठल्याही वस्तूवर आपला अधिकार आहे असं त्यांना वाटे. एअरबॅगमध्ये काय असतं ते त्यांनीच दावेसाहेबांना समजावलं. “फुगा असतो. फुग्याच्या मागे लोखंडी डबी. डबीत फटाक्यातली दारू. गाडी आपटली की दारू पेटते, फुगा फुगतो, माणूस वाचतो. पण दारू दमट झाली की फुगा राहतो बाजूला आणि डबीच फुटते. तुकडे थेट छातीत.” हे त्यांनी दावेसाहेबांच्या छातीवर बोट टेकवून सांगितलं. उपाय म्हणून त्यांनी सीटवर पाण्याचा मोठा कॅन ठेवायला सांगितला. त्याने काय होईल ते सांगितलं नाही.

बाईंच्या धाकट्या भावाकडे हीच गाडी होती आणि त्यालाही हेच पत्र आलं होतं. त्याने ते न उघडताच रद्दीत टाकलं.

“दाजी, तुम्ही पण ना. बिनधास्त बसवा ताईला पुढे. माझी बायको रोज बसते.”

“आणि उद्या काही झालं तर? तुला लेखी कळवलेलं आहे.”

“मी वाचलंच नाही ना. मग मला लागू कसं होईल?”

दावेसाहेब या उत्तराने मनातून हलले. विभागात इतकी वर्षं काढून हा बचाव त्यांच्यापुढे कुणी मांडला नव्हता.

अशात एक दिवस मोठ्या साहेबांची गाडी बिघडली. मोठे साहेब म्हणजे दावेसाहेबांचे वरिष्ठ. त्यांच्या एका सहीसाठी दावेसाहेबांची बढती कित्येक महिने वाळत पडली होती. ते लिफ्टमधून उतरून दावेसाहेबांच्या गाडीपाशी आले आणि पुढचं डावं दार उघडू लागले. दावेसाहेब धावले. “साहेब, इथे नको. मागे बसा.” मोठे साहेब थबकले, त्यांनी दावेसाहेबांकडे नव्या नजरेने पाहिलं, आणि मागे बसत म्हणाले, “अलीकडे ही रीत राहिली नाही हो. लोक वरिष्ठांना शेजारी बसवतात.” खरं कारण सांगायला दावेसाहेबांनी तोंड उघडलं होतं. ते त्यांनी मिटलं. बढती होती.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांची गाडी दुरुस्त झाली असावी, पण ते दावेसाहेबांच्याच गाडीपाशी उभे होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी बॅग दावेसाहेबांच्या हातात दिली. पुढे पुढे ते वाटेत भाजी घ्यायला थांबू लागले आणि दावेसाहेब इंजिन चालू ठेवून बसू लागले. ऑफिसात त्यांच्या मागे कोण काय म्हणतं ते त्यांनी एकदा दाराआडून ऐकलं, आणि त्या दिवशी आलेले सगळे दावे फेटाळले.

आता घटक मिळाल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. दावेसाहेबांनी फोन हाती घेतला.

शोरूमने सांगितलं की गाडी विकणं त्यांच्याकडे. परत बोलावणं कंपनीकडे. कंपनीच्या हेल्पलाइनवर एक गोड आवाजाची मुलगी होती. “सर, आम्ही गाडी जोडतो. एअरबॅग आम्ही बनवत नाही.” मग ती कोण बनवतं, याचं उत्तर तिला माहीत नव्हतं, पण दावेसाहेबांनी ते शोधून काढलं. एअरबॅगवाल्यांनी फार सभ्यपणे सांगितलं की पिशवी त्यांची, शिवणही त्यांची, आणि दोन्ही उत्तम आहेत; तक्रार आहे ती मागच्या डबीबद्दल. डबीवाले म्हणाले, पत्रा आमचा. पत्र्याला कुठे तडा दिसला का? आतली दारू आम्ही बाहेरून घेतो. दारू बनवणाऱ्या कंपनीचं दिवाळं निघून ती दुसऱ्याच नावाने सुरू झाली होती. नव्या नावाच्या कंपनीतला माणूस म्हणाला, “जुन्या कंपनीची जबाबदारी जुन्या कंपनीवर आहे, साहेब. ती आता अस्तित्वात नाही.”

“मग मी कुणाशी बोलू?”

“तसं बघितलं तर माझ्याशीच बोलताय की. पण त्यावेळी मीही नव्हतो.”

वास्तविक माणसाचा संताप व्हायला हवा. पण दावेसाहेबांनी फोन ठेवला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला आदरच म्हणावा लागेल. एक माणूस एका खुर्चीत बसून जेवढी जबाबदारी झटकू शकतो तेवढी ते झटकत आले होते. इथे तेच काम किती देशांत, किती कारखान्यांत, एकमेकांचं तोंडही न बघता, किती सफाईने चाललं होतं. पुढे कंपनीने तज्ज्ञांचा अहवाल पाठवला तेव्हा तर त्यांनी तो दोनदा वाचला. दारू मुळात चांगली आहे. ती दमट हवेने बिघडते. सबब दोष हवेचा. आणि गाडी उघड्यावर लावल्यास हवा लागणारच, याची वाहनमालकास पूर्वकल्पना असणे अपेक्षित आहे.

पूर्वकल्पना. दावेसाहेबांना छापखानेवाल्याचा चेहरा आठवला. तो जाताना त्यांना म्हणाला होता, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

तरी त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. पत्रांवर पत्रं गेली. आणि एक दिवस वर्कशॉपमधून फोन आला: डबी आली आहे, गाडी घेऊन या.

त्या सकाळी दावेसाहेबांनी डावी सीट स्वतः पुसली. पाण्याचा कॅन उतरवला. सीटला नवं कव्हर घातलं, तेही बाईंच्या आवडीच्या रंगाचं. एरवी आवड विचारायला गेलं की ती बदलते, म्हणून त्यांनी न विचारताच आणलं होतं. बाईंनी शाळेतून अर्धा दिवस रजा काढली. येताना पुलावरून येऊ, असं दावेसाहेब म्हणाले, आणि बाई मागे बसता बसता म्हणाल्या, “मुख्याध्यापिकेचं एक सांगायचंय तुम्हाला. येताना सांगते. पुढे बसून.”

वर्कशॉपमध्ये टाय लावलेल्या एका माणसाने त्यांना काचेच्या खोलीत बसवलं. तिथून आपल्या गाडीची दारं उघडलेली दिसत होती. मेकॅनिकने नव्या डबीचं खोकं उघडलं, हत्यारं घेतली आणि तो उजव्या दाराने आत जाऊन स्टिअरिंगचं झाकण काढू लागला.

दावेसाहेब बाहेर धावले. “अहो, तिकडे नाही. डावीकडे.”

“डबी इकडची आलीय, साहेब,” मेकॅनिक म्हणाला. “स्टिअरिंगची.”

टायवाला आला. त्याने खोकं बघितलं, संगणक बघितला, आत जाऊन कुणालातरी फोन केला, आणि परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर उकल झाल्याचं समाधान होतं.

“लक्षात आलं, सर. मूळ पत्र जिथून निघालं ना, त्या देशात स्टिअरिंग डावीकडे असतं. त्यांनी ‘पुढची डावी’ म्हटलं म्हणजे चालवणाऱ्याची. मग आपल्याकडे त्याचं भाषांतर झालं. भाषांतरात चूक नाहीये, सर. डावीचं डावीच केलंय.”

“पण आपल्याकडे चालवणारा उजवीकडे बसतो.”

“हो, पण ते भाषांतर करणाऱ्यांच्या कामात येत नाही, सर.”

बाई मागून येऊन उभ्या राहिल्या होत्या. “म्हणजे इतके दिवस डावी सीट...”

“एकदम ओके होती, मॅडम. तुम्ही आरामात बसू शकला असतात.”

“आणि उजवी?”

टायवाल्याने संगणकाकडे पाहिलं. “उजवीबद्दल अजून पत्र नाही, मॅडम.”

दावेसाहेबांनी स्टिअरिंगकडे पाहिलं. झाकण निघालेलं होतं आणि आत ती डबी दिसत होती. शिंगाड्याएवढी असेल. चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्यावर चोर जसा निवांत बसलेला असतो, तशी ती त्यांच्या छातीच्या बरोबर समोर इतके दिवस बसून होती. त्यांना पंपवाल्या काकांचं बोट आठवलं आणि ते जिथे टेकलं होतं तिथे हुळहुळलं.

“ठीक आहे,” ते शक्य तेवढ्या शांतपणे म्हणाले. “झालं ते झालं. झाकण उघडलंच आहे. नवी डबी इथेच आहे. बसवून टाका.”

“बसवली असती, सर.” टायवाला खरोखर ओशाळला. “पण तुमच्या गाडीच्या नावावर काम नोंदलंय डाव्या बाजूचं. उजवीकडे बसवली तर सिस्टीम घेत नाही. ही डबी ‘चुकीची आली’ म्हणून परत जाणार. आता दुरुस्त केलेलं पत्र निघेल, मग उजव्या बाजूचं काम नोंदलं जाईल, मग डबी मागवू.”

“ती हीच डबी असेल.”

“हीच असेल, सर.”

“अहो, तुमच्या डोळ्यांना दिसतंय ना की डबी उजवीकडची आहे, दोष उजवीकडे आहे, आणि झाकणही उजवीकडचं उघडलेलं आहे?”

“दिसतंय, सर. पण काय करणार,” टायवाला म्हणाला, “कागदावर आहे तेच धरावं लागतं.”

हे तो इतक्या हळहळीने म्हणाला की दावेसाहेबांचा हात त्याच्या खांद्यापर्यंत गेला. तो त्यांनी वाटेतच थांबवला आणि खिशात घातला.

मेकॅनिकने झाकण परत लावलं. नवी डबी खोक्यात गेली. दावेसाहेबांनी बाईंसाठी पुढचं डावं दार उघडून धरलं. नवं कव्हर उन्हात चमकत होतं.

“बस. ही चांगली आहे. आता तर नक्की कळलंय.”

बाईंनी सीटकडे पाहिलं, मग स्टिअरिंगकडे, आणि मागचं दार उघडलं.

“अगं, पण...”

“शेजारी बसून बघवणार नाही मला,” बाई म्हणाल्या.

परत येताना दावेसाहेब हात ताठ पसरून, पाठ सीटला चिकटवून, दुसऱ्याचं ओलं पोर लांब धरावं तसं स्टिअरिंग धरून बसले होते. पूल आला, गेला. मुख्याध्यापिकेचं काय ते राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी जागेवरच उभी ठेवली आणि ते बसने ऑफिसला गेले. मोठे साहेब पार्किंगमध्ये ताटकळले. “गाडी सदोष आहे म्हणता? मग मला इतके दिवस तिच्यातून कसं नेलंत?” मागच्या सीटबद्दल पत्रात काही नव्हतं, असं दावेसाहेब म्हणाले, पण तो सूर लागला नाही. बढतीचा कागद आणखी वाळायला गेला. संध्याकाळची फेरीही बंद पडली. घरी टीव्ही बोलत राहिला. मेहुण्याचा फोन आला. “दाजी, बघा, मी म्हटलं नव्हतं, ताईला पुढे बसवा म्हणून?”

“अरे, पण तुझ्या बाजूची डबी खराब आहे. तुझ्या.”

“हे मला तोंडी सांगू नका हो. उगीच लागू व्हायचं.”

तोडगा काढला पंपवाल्या काकांनी. जिन्यात भेटले तेव्हा त्यांनी सगळी हकीकत ऐकली आणि ते म्हणाले, “एवढंच ना? ड्रायव्हर ठेवा.”

दावेसाहेबांना आधी कळलंच नाही.

“अहो, धोका चालवणाऱ्याला आहे. तुम्ही चालवू नका. एजन्सीचा माणूस ठेवा, तुम्ही दोघं मागे बसा.”

“आणि त्याला काही झालं तर?”

“तो एजन्सीचा. एजन्सी त्याला दुसऱ्या कुणाकडून घेते, तो ठेकेदार तिसऱ्याकडून. तुम्ही त्यात येता कुठे?”

“पण त्याला सांगावं तर लागेल.”

“सांगा की. नाही कोण म्हणतंय? पदरचं कशाला सांगता, कंपनीचं छापील पत्र आहे ना? ते द्या त्याच्या हातात. अधिकृत आहे.”

“पण पत्रात डावी लिहिलंय.”

“दुरुस्त पत्र आलं का?”

“नाही.”

“मग तुम्ही आधीच दुरुस्त करणारे कोण?” काका वर जाऊ लागले. पाच-सहा पायऱ्या चढल्यावर वळून म्हणाले, “गाडी चालवणारी माणसं आहेत ती. त्यांना सवय असते.”

दावेसाहेब त्या रात्री झोपले नाहीत, असं लिहायला मला आवडलं असतं. ते एजन्सीचा करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचून झोपले. त्यात वाहनाच्या दोषांबद्दल काहीही लिहिलेलं नव्हतं.

आलेला ड्रायव्हर पिकल्या मिशांचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला गृहस्थ होता. आधी त्याने शाळेची बस चालवली होती, त्यामुळे सगळे त्याला मामा म्हणायचे. बाईही लगेच मामा म्हणू लागल्या. दावेसाहेबांनी पत्र त्याच्या हातात दिलं. मामांनी ते ओठ हलवत, एकेक शब्द करत शेवटपर्यंत वाचलं. शेवटपर्यंत वाचणारा तो दुसरा माणूस. मग नीट घडी घालून त्यांनी ते शर्टाच्या खिशात, छातीपाशी ठेवलं.

“साहेब, खूप मालक केले आजवर,” मामा म्हणाले. “पण गाडीत काय बिघडलंय ते आधी हातात कागद देऊन सांगणारा कुणी भेटला नाही. एकाच्या गाडीला ब्रेक नाहीत हे मला उतारावर कळलं होतं. तुमचे उपकार आहेत.”

दावेसाहेब म्हणाले, “ते तर आमचं कर्तव्यच आहे.”

मोठ्या साहेबांना ड्रायव्हर आवडला. आता दावेसाहेब त्यांच्याशेजारी मागे बसत, त्यामुळे ऑफिसातलं दाराआडचं बोलणं आपोआप थांबलं. बढतीच्या कागदावर सही झाली. आणि संध्याकाळी, कित्येक महिन्यांनी, गाडी पुन्हा पुलाकडे निघाली. मागे डावीकडे बाई, उजवीकडे दावेसाहेब, मध्ये वह्या नव्हत्या, फोन पर्समध्ये होता. दोघं एकाच दिशेला बघत होते. समोर मामांची मान दिसत होती, केस कापणाऱ्याने मागून सरळ रेघ मारलेली.

“त्यांना सांगितलंत ना?” बाईंनी हळूच विचारलं.

“पत्र दिलंय.”

“पत्र...”

“जे आलंय ते दिलंय.”

मामांनी एका हाताने काहीतरी सावरलं. त्यांचा जेवणाचा डबा त्यांच्या मांडीत आणि दारात दाबून बसवलेला होता, आणि वळणावर तो खडखडत होता.

“मामा, डबा शेजारच्या सीटवर ठेवा की,” बाई म्हणाल्या. “रिकामीच आहे.”

“नको बाई. त्या सीटवर बसू नये म्हणून लिहिलंय. ती जागा धोक्याची.” मामांनी डबा आणखी जवळ ओढून घेतला. “मी तर तिथे टॉवेलसुद्धा ठेवत नाही. आपलं इकडेच बरं.”

पूल आला. खाली पाणी होतं, त्यावर दिव्यांच्या लांबलचक रेघा होत्या. बाईंनी काच खाली केली, थोडा वेळ बाहेर बघितलं आणि काच पुन्हा वर घेतली.

“तर मुख्याध्यापिकेचं काय झालं,” त्या म्हणाल्या, आणि दावेसाहेब म्हणाले, “हं.”